रिपोर्ट चांगले आहेत, पण पाय कोणी बघितले?

पत्र इंदूरहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या, शाळेत शिक्षिका. घरात नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना १७ वर्षांपासून मधुमेह आहे, जोडीला रक्तदाब. गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद पडला, तेव्हा पुण्याच्या नणंदबाईंनी तिथल्या एका मधुमेहतज्ज्ञांचा सल्ला व्हिडिओवर सुरू केला. तो आजही चालू आहे. दर दोन महिन्यांनी दहा-पंधरा मिनिटं बोलणं होतं, फी नणंदबाई भरतात, रक्ताचा नमुना लॅबवाला घरी येऊन नेतो. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ७.३ ते ७.६ च्या दरम्यान असते. सासरे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. मागच्या महिन्यात सासूबाईंच्या चादरीवर डाग दिसला आणि तळपायाला फोड येऊन फुटल्याचं कळलं. त्यांना दुखलंच नव्हतं. जवळच्या दवाखान्यात ड्रेसिंग करून जखम भरली. पण ताईंना तेव्हापासून वाटतंय की व्हिडिओवरचा उपचार ही फसवणूक आहे आणि आपणही कमी पडलो. नवरा म्हणतो, रिपोर्ट तर चांगले आहेत. नणंदबाई म्हणतात, पटत नसेल तर आईला पुण्याला पाठव. फोनवरचे उपचार ऐकून जुने डॉक्टर नाराज आहेत. सासूबाई म्हणतात, "मला कुठ्ठे नेऊ नका." ताई विचारतात, व्हिडिओ बंद करून त्यांना जबरदस्तीने दवाखान्यात न्यावं का? आणि नणंदेला न दुखावता हे सांगायचं कसं?

प्रिय ताई,

जखम भरली हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या दोन्ही प्रश्नांवर सविस्तर लिहिते, पण एक गोष्ट आधी सांगते, कारण घरातला वाद मिटेपर्यंत तिला थांबवू नये. फोड येऊन फुटला, चादरीला डाग लागला आणि तरी दुखलं नाही, म्हणजे सासूबाईंच्या पायांची संवेदना कमी झाली असण्याची दाट शक्यता आहे. या आठवड्यात त्यांचे दोन्ही पाय जाणकार डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात आणि विचारतात, "लागतंय का?" हा तंतू १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तेवढा स्पर्श कळत नसेल, तर खडा, काटा किंवा चपलेचा चिमटाही त्या पायाला कळणार नाही, असं धरून चालायचं. पावलावरची आणि घोट्यामागची नाडीही बघतात, पायाला रक्त नीट पोचतंय का ते समजायला. काही मिनिटांचं काम आहे, त्यात दुखत नाही. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा हे करून घ्यावं, आणि ज्यांच्या पायाला एकदा जखम होऊन गेली आहे त्यांनी दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवावेत. तुमच्या पत्रावरून दिसतं की २०२० पासून सासूबाईंच्या बाबतीत हे एकदाही झालेलं नाही.

आता व्हिडिओबद्दल. तुमचा राग मला समजतो, पण फसवणूक हा शब्द मला पटत नाही. महामारीत मधुमेहाच्या कितीतरी रुग्णांचे उपचार तुटले. जुन्याच चिठ्ठीवर तेच औषध वर्षभर घेणारे होते, इन्सुलिन मनानेच बंद केलेले होते. तुमच्या घरात ते झालं नाही. दर दोन महिन्यांनी कुणीतरी साखरेची वही बघत राहिलं, डोस कमीजास्त करत राहिलं. हे नणंदबाईंमुळे झालं आणि त्याचं श्रेय त्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवं. पुण्याच्या डॉक्टरांनी इंदूरच्या रुग्णाला सल्ला देण्यात नियमाचीही अडचण नाही. २५ मार्च २०२० ला, देशभर लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. नोंदणी झालेला डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला दुरून सल्ला देऊ शकतो, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना आणि फीची पावती मिळते ना, एवढं बघून घ्या.

त्याच नियमांत एक मुद्दा आहे, तो रुग्णांच्या घरी फारसा कुणाला ठाऊक नसतो. फॉलोअप कशाला म्हणायचं? त्याच डॉक्टरांनी, त्याच आजारासाठी, मागच्या सहा महिन्यांत रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेलं असेल तर त्याला. सहा महिने उलटले किंवा नवीन लक्षण दिसलं, की तो सल्ला पुन्हा पहिल्यापासूनचा धरायचा. डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही कुठल्याही क्षणी "आता प्रत्यक्ष तपासणी हवी" असं म्हणता येतं. थोडक्यात, नियम करणाऱ्यांनीही अधूनमधून कुणीतरी रुग्णाला हात लावून बघेल असंच धरलं होतं. तुमच्याकडे ते कुणी बघायचं, हेच ठरलेलं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांना वाटलं, इंदुरात कुणीतरी बघत असेल. नणंदबाईंना वाटलं, डॉक्टर बघतायत. तुम्हाला वाटलं, काही हवं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. यात खोटं कुणीच वागलं नाही, आणि पाय मात्र कुणीच बघितले नाहीत.

तेव्हा व्हिडिओ ठेवायचा की दवाखाना, असा प्रश्न मी करणार नाही. कुठलं काम कुठे होतं, एवढंच बघू. साखरेची वही वाचणं, डोस बदलणं, गोळीने पोट बिघडतंय का हे विचारणं, खाण्यापिण्याचं बोलणं, ही कामं व्हिडिओवर उत्तम होतात. कधीकधी दवाखान्यापेक्षा चांगली, कारण पेशंट दोन तास ताटकळून वैतागलेला नसतो आणि औषधांचा डबा समोरच असतो. रक्त आणि लघवीचा नमुना घरून जातो. डोळ्याचा पडदा मात्र घरून दिसत नाही. पायाची नाडी लागत नाही. आणि इन्सुलिनच्या जागेवरच्या गाठी हाताने चाचपल्याशिवाय कळत नाहीत. पोटावर एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं सुई टोचली की कातडीखाली मऊ किंवा निबर गाठी होतात. त्या जागेतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, साखर कधी वर, कधी खाली. समोरच्या आकड्यांवरून डॉक्टर डोस वाढवत जातात आणि खरं कारण बोटभर अंतरावर असतं. सासूबाई सुई कुठे टोचून घेतात, ते एकदा बघा. गाठ लागली तर जागा बदला, पण बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण चांगल्या जागेत तोच डोस जास्त काम करतो आणि साखर एकदम उतरू शकते.

तुमच्या यजमानांचं म्हणणं आहे की रिपोर्ट चांगले आहेत. ७१ वर्षांच्या बाईंसाठी ७.३ ते ७.६ हा आकडा खरंच बरा आहे. पण एचबीए१सी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते. दिवसा २५० आणि पहाटे ६० अशी साखर असणाऱ्या माणसाचीही सरासरी देखणी येते. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो. शिवाय डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसांचं काय चाललंय हे तो सांगतच नाही. त्यासाठी वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ ची पातळीही बघून घ्यावी. डोळ्यांबद्दल जरा ठासून सांगते. पडद्यावर बिघाड सुरू होतो तेव्हा नजर अगदी स्वच्छ असते. दिसायला त्रास होईपर्यंत थांबलं, तर उपचाराची चांगली वेळ निघून गेलेली असते.

पुण्याहून आलेला आहाराचा कागदही एकदा नव्याने बघा. त्यावर नाश्त्याला पोहे चालतील असं लिहिलेलं असणार. पुण्याच्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर कांदेपोह्यांची एक बशी असते. आपल्या इंदुरात पोह्यांवर मूठभर शेव पडते, बाजूला जिलेबी असते, आणि शेव तर वरणभातावरसुद्धा भुरभुरतो आपण. रक्तदाबाच्या माणसाला शेवेतलं मीठ कमी नसतं. डॉक्टरांना हे आपणहून सांगावं लागतं. चतुर्थी-एकादशीचंही तसंच. साबुदाण्याची खिचडी साखर वर नेते आणि दिवसभर काहीच न खाता नेहमीची गोळी घेतली तर साखर उतरते. उपास सोडा असं मी म्हणणार नाही. उपासाच्या दिवशी कुठली गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, हे घरातल्या प्रत्येकाला, तुमच्या मुलालासुद्धा, माहीत हवं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आता सासूबाईंकडे येते. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त मी इथे थांबले.

तुम्ही त्यांना हट्टी म्हटलं आहे. पण त्याच पत्रात एक ओळ तुम्ही ओझरती लिहून गेलात, की सासरे २०२१ मध्ये दवाखान्यात गेले आणि शेवटचं दर्शनही नीट झालं नाही. ताई, त्या एप्रिल-मे महिन्यांतलं इंदूर आठवा. ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती. पाठोपाठ काळी बुरशी आली, आणि ती जास्त करून मधुमेहाच्याच रुग्णांना गाठत होती, त्यातही कोविडमध्ये स्टिरॉइड घ्यावी लागली त्यांना. आपल्या सरकारी एमवाय हॉस्पिटलमध्ये तिचे वॉर्ड भरले होते. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा, या गोष्टी घरोघरी ऐकल्या गेल्या. मधुमेह असलेल्या, नवरा गमावलेल्या बाईने त्यातून काय घेतलं असेल? दवाखान्यात गेलेलं माणूस परत येत नाही, हेच ना. त्यांचं "मला कुठ्ठे नेऊ नका" त्या अनुभवातून आलेलं आहे. त्याला जबरदस्तीने उत्तर देता येणार नाही. आणि सासूबाई शहाण्यासुरत्या आहेत, शरीर त्यांचं आहे. निर्णय त्यांचाच असायला हवा.

मी तुमच्या जागी असते तर आधी त्यांना विचारलं असतं, आई, नेमकी कशाची भीती वाटते? गर्दीची, संसर्गाची, दाखल करून घेतील याची, की बाबांची आठवण येईल याची? उत्तर काय येतं त्यावर वाट ठरते. गर्दीची भीती असेल तर मोठ्या हॉस्पिटलात न जाता लहान दवाखान्यात सकाळचा पहिला नंबर घ्या, मास्क लावा. दाखल व्हायची भीती असेल तर डॉक्टरांना आधीच फोन करून सांगा आणि सासूबाईंना शब्द द्या की तपासून घरी यायचं आहे. डोळे आणि पाय एकाच दिवशी उरकायचे असतील तर पाय आधी दाखवा. डोळ्यांत औषध घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, उजेड सहन होत नाही. काळा चष्मा न्या, आणि परतताना त्यांचा हात धरायला कुणीतरी हवं. दुःखच दाटून येत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तोही इलाजाचा भाग आहे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरावर चोवीस तास, मोफत मिळते. मन खचलेलं असलं की गोळ्या वेळेवर घेतल्या जात नाहीत, खाणं बिघडतं आणि साखरही बिघडते, हे मी दवाखान्यात कितीदा तरी पाहिलं आहे.

आणखी एक विचारते. त्या व्हिडिओ कॉलमध्ये सासूबाई स्वतः किती बोलतात? पत्रावरून चित्र दिसतं ते असं. फोन तुमच्या हातात, पुण्याहून नणंदबाई जोडलेल्या, मागे यजमान उभे, डॉक्टर विचारतात "कशा आहात?" आणि त्या म्हणतात "बरी आहे." चार माणसांत कोणती बाई दुसरं काही म्हणेल? त्यांच्या चिठ्ठीत नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेलं मधुमेहाचं एखादं औषध आहे का बघा, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. चांगली औषधं आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा फायदा होतो. पण ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे काही बायकांना लघवीच्या जागी खाज येते, जंतुसंसर्ग होतो. मुलासमोर, सुनेसमोर हे कोण बोलणार? मग बायका गुपचूप गोळी टाळतात किंवा पाणी पिणं कमी करतात, आणि तेही वाईटच. उलट्या-जुलाब होत असताना किंवा पोटात अन्न नसताना ही गोळी घ्यायची की थांबवायची, हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला हवं. म्हणून प्रत्येक कॉलची पहिली पाच मिनिटं सासूबाई एकट्या बोलतील, दार लोटून, अशी सवय लावा. फोन टेकवून ठेवायला स्टँड घ्या, आवाज मोठा करून द्या आणि खोलीबाहेर या. लघवी, झोप, तोल जाणं, विसरणं, यांतलं काय काय त्या बोलतात ते त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. मग तुम्ही सगळे आत या आणि आकड्यांचं बघा.

आता तुमच्याबद्दल. "मी कमी पडले" असं तुम्ही लिहिता. तुमच्या घरात निर्णय नणंदबाई घेतात, पैसे त्या भरतात, शेरा यजमान मारतात, आणि गोळ्या, वही, लॅबवाला, ड्रेसिंग हे सगळं शाळा सांभाळून तुम्ही करता. पाय बघायचं कामही सुनेचंच, हे तुम्ही न बोलता धरून चालला आहात. का? आईचे पाय मुलाने बघायला काय हरकत आहे? रोज रात्री दोन मिनिटं लागतात. तळवा, टाचा, बोटांच्या बेचक्या, नखांचे कोपरे, कुठे लाली, फोड, भेग, ओल आहे का. सासूबाईंना वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्या स्वतःही बघू शकतात. यजमानांना हे काम द्या, आणि मदत म्हणून नको, त्यांची जबाबदारी म्हणून द्या. नातू चपला बघेल. रोज घालण्याआधी आत हात फिरवून खडा, टोक काही नाही ना ते. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही, बादलीतलं पाणी किती गरम आहे ते पायाने न बघता कोपराने बघायचं. खजराण्याच्या गणपतीला वैशाखात जायचं झालं तर सकाळी लवकर, फरशी तापायच्या आत, आणि पायांत मोजे घालून.

रक्तदाबाचं थोडक्यात सांगते, कारण घरी मोजलेले आकडे बरेचदा चुकीच्या पद्धतीने मोजलेले असतात आणि त्यांवरच औषध ठरतं. दंडाला बांधायचं यंत्र वापरा, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजायचं. आधीचा अर्धा तास चहा नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. कॉलच्या आधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून लिहा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. एकदा उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, आणि खुर्चीत बसून होणाऱ्या व्हिडिओ कॉलमध्ये तो कधीच दिसत नाही. साखर मोजताना हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटाची साखर शंभराने जास्त दाखवू शकते.

नणंदबाईंशी कसं बोलायचं हा तुमचा दुसरा प्रश्न. लेक लांब असते तेव्हा काहीतरी करत राहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पुण्याचे डॉक्टर हे त्यांचं आईसाठी केलेलं काम आहे. तुम्ही "व्हिडिओ बंद करू" म्हणालात की त्यांना ऐकू येतं, तू केलंस ते फुकट. म्हणून पहिलं वाक्य ते नसावं. असं काहीसं बोलता येईल. "ताई, तुम्ही हे सुरू केलंत म्हणून आईंचे पाच वर्षं उपचार तुटले नाहीत. डॉक्टर तेच ठेवू. पण आईंच्या पायाला संवेदना राहिलेली नाही असं वाटतंय, आणि हे पुण्याहून दिसणार नाही. इंदुरात एका डॉक्टरांना दर दोन-तीन महिन्यांनी पाय आणि वर्षातून एकदा डोळे दाखवायचे आहेत. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा ना, इथे काय काय तपासून घेऊ, त्यांनी यादी दिली तर बरं होईल." बहुतेक मधुमेहतज्ज्ञ अशी यादी आनंदाने देतील. आणि त्यांनी इथल्या तपासणीची गरज नाही असं सांगितलं, तर मात्र डॉक्टर बदलायचा विचार करावा लागेल, असं मी स्पष्टच म्हणेन. सासूबाईंना पुण्याला पाठवण्याबद्दल एवढंच, की त्यांना स्वतःला लेकीकडे राहायला जायचं असेल तर जरूर जाऊ द्या, आणि त्या मुक्कामात त्या डॉक्टरांनी त्यांना एकदा प्रत्यक्ष बघूही द्या. पण वाद मिटवायला म्हणून ७१ वर्षांच्या माणसाला गाव सोडायला लावू नका.

राहिले जुने डॉक्टर. नाराजी धरून बसलेल्या डॉक्टरांकडे जायला संकोच वाटतो, पण सासूबाईंना सतरा वर्षांतली बारा वर्षं त्यांनीच पाहिलं आहे आणि तुमच्या घरापासून ते दहा मिनिटांवर आहेत. तक्रार किंवा खुलासा न करता फाइल घेऊन जा. मनापासून विचारा, आईंचे पाय, नाडी, रक्तदाब तुम्ही बघाल का, आणि पुण्याच्या डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहून द्याल का? ज्यांच्याकडून हात लावून तपासण्याचं काम मागितलं जातं, ते डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. मधुमेहाची औषधं एकच डॉक्टर बदलतील. दोन डॉक्टर दोन चिठ्ठ्या देतात, कंपन्यांची नावं वेगळी असतात, आत ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारं औषध तेच असतं, आणि म्हातारं माणूस दोन्ही घेतं. रात्री साखर उतरून पडलेले कितीतरी पेशंट मी असेच पाहिले आहेत. औषधांच्या यादीत कंपनीच्या नावाशेजारी मूळ औषधाचं नाव देवनागरीत लिहा आणि ती यादी फ्रिजवर चिकटवा.

ही यादी घरात हवी याचं आणखी एक कारण आहे. आज सासूबाईंच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट नणंदबाईंच्या फोनमधल्या ॲपवर आहेत. रात्री दोन वाजता छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दम लागला, किंवा उलट्या होऊन साखर ३०० च्या वर गेली, तर इंदूरच्या डॉक्टरांच्या हातात काय देणार? अशा वेळी व्हिडिओ लावत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. तिथे तो कागद उपयोगी पडतो. सासूबाईंचा स्वतःचा १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, काढून घ्या, म्हणजे पुढचे रिपोर्ट त्यांच्या नावावर, त्यांच्या संमतीने जोडता येतील. वय ७० च्या वर असल्याने आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं. ते दाखल होण्यासाठी आहे, बाहेरच्या तपासण्यांसाठी नाही, पण कार्ड काढून ठेवावं.

या पत्रासारखी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. राजेंद्रनगरात, सुदामानगरात, जुन्या इंदूरच्या वाड्यांत आई-वडील दोघंच आहेत, मुलं पुण्या-बंगळुरूत किंवा परदेशात, आणि डॉक्टर फोनमध्ये. अशा घरात पाय बघायला सून नाही, लेकही नाही. तिथे आजी-आजोबांनी एकमेकांचे पाय बघावेत, आणि मुलांनी रोजच्या फोनवर "जेवलात का" याच्यासोबत "पाय बघितले का" एवढंही विचारावं. तज्ज्ञाची फी परवडत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो, स्मार्टफोन नसेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातून, तो घेता येतो, आणि जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिन, रक्तदाबाचं टेल्मिसार्टन यांसारखी रोजची औषधं बरीच स्वस्त पडतात. ज्यांचा पहिलाच सल्ला व्हिडिओवर झाला आहे आणि ज्यांना त्या आजारासाठी आजवर एकाही डॉक्टरने प्रत्यक्ष तपासलेलं नाही, त्यांनी पुढच्या कॉलची तारीख घेण्याआधी गावातल्या एखाद्या डॉक्टरांकडे जाऊन एकदा डोक्यापासून तळपायापर्यंत तपासून घ्यावं, आणि काय सापडलं ते कागदावर लिहून मागावं.